तोंडी हुकूम, कोरी सही : एका नव्या शिक्षिकेचं पहिलं वर्ष

या प्रकरणातली शिक्षिका माझी बी.एड.ची विद्यार्थिनी. गणितात बी.एस्सी., वय चोवीस, वडील एस.टी.त वाहक, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. गाव पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं. शाळा राज्य मंडळाची, इंग्रजी माध्यमाची, पाचवी ते दहावी. अनुदान नाही, सगळा कारभार फीवर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तशाच वाटेने गेलेल्या आणखी दोघींचे अनुभव यात मिसळले आहेत. शाळा कोणती, हे शोधत बसू नये. अशी शाळा नाही असा तालुका मला तरी माहीत नाही.

नव्या शिक्षकाला त्रास झाला की बोलणं ताबडतोब स्वभावावर जातं. कोणी म्हणतं प्रिन्सिपल खडूस आहे, कोणी म्हणतं आजकालच्या मुलींना सोसत नाही. स्वभावाचा भाग इथेही होता. पण वर्षभर हे प्रकरण जवळून पाहताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. तिच्यावरचा सगळा जाच तोंडी होता. एकही हुकूम, एकही आरोप, एकही अट कागदावर नव्हती. कागदावर जे होतं, ते तिच्या विरोधात वापरता येईल एवढंच.

नेमणूक

मे महिन्यात जाहिरात पाहून ती गेली. सातवीच्या मुलांसमोर गुणोत्तर-प्रमाणाचा डेमो दिला. प्रिन्सिपल मॅडमना तो आवडला. पगार ‘सुरुवातीला बारा, मग काम बघून वाढवू’ असा ठरला. तिथून तिला ऑफिसात पाठवलं. क्लार्कने दहावी, बारावी, पदवी आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली, ‘व्हेरिफिकेशन झालं की देतो’ म्हणून. मग दोन सह्या घेतल्या. एक रुजू होण्याच्या छापील फॉर्मवर, दुसरी कोऱ्या कागदाच्या तळाशी. हे कशाला, असं तिने विचारलं. ‘सगळ्यांचीच घेतो ताई, फॉर्मॅलिटी आहे.’ नेमणूकपत्र? ते साहेब आले की मिळेल. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. साहेब पुढे पुष्कळदा आले, पत्र आलं नाही.

घरी वडील म्हणाले, पहिलीच नोकरी आहे, वाद नको. बी.एड.च्या फीसाठी काढलेलं कर्ज फिटायचं होतं. त्या घरात दुसरा कोणता सल्ला निघाला असता?

कायदा काय म्हणतो ते इथेच सांगून टाकते. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, अनुदान असो वा नसो. त्याची नियमावली १९८१ची. कायम जागेवर घेतलेला शिक्षक दोन वर्षं परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) असतो, शिक्षण सेवक म्हणजे ठरावीक मानधनावर घेतला तर तीन वर्षं. परिवीक्षेत त्याला काढता येतं, पण काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असं मत झालं पाहिजे आणि महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार दिला पाहिजे. ते मत हवेतून येत नाही. नियम १५ प्रमाणे परिवीक्षाधीन शिक्षकाच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकाने करायचं आणि त्याची नोंद ठेवायची असते. नेमणूकपत्राचा नमुना नियमावलीतच छापलेला आहे. मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे गहाण ठेवावीत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

सही केलेल्या कोऱ्या कागदावर पुढे कधीही राजीनामा लिहिता येतो. त्याचं उत्तर याच अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. राजीनामा द्यायचा तर कर्मचाऱ्याने तो दोन प्रतींत काढावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असं ते कलम सांगतं. साध्या राजीनाम्याला एवढी कडेकोट पद्धत घालून द्यावी लागली, यावरूनच तेव्हा काय चालत असेल ते समजावं.

बी.एड.ला आम्ही पियाजे आणि व्हायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ मन लावून शिकवतो. ज्या कायद्याखाली आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांची नोकरी चालणार, तो एखाद्या टीपेपुरता येतो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर बघावं.

जून ते दिवाळी

रोज आठ तास. तिच्या वाट्याला सात, वर सातवी ‘ब’चं वर्गशिक्षकपद. वर्गात बावन्न मुलं. उरलेला आठवा तास कोणीतरी रजेवर असलं की प्रॉक्सीला जायचा, आणि कोणीतरी रोजच रजेवर असायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आणि आठवड्याला किमान पंचेचाळीस घड्याळी तास काम, तेही पूर्वतयारी धरून, असं लिहिलेलं आहे. तिची पूर्वतयारी रात्री अकरानंतर व्हायची.

सराव पाठाच्या वेळी हीच मुलगी एका पाठासाठी दोन दिवस राबायची. तक्ते, फ्लॅश कार्ड, प्रस्तावनेचे प्रश्न, मागे निरीक्षक बसलेले. आता सात पाठ रोज. जुलैत आवाज बसला. मधल्या सुट्टीत गेटवर ड्यूटी असल्याने बाथरूमला जायची सोय नाही, म्हणून तिने पाणी पिणं कमी केलं आणि ऑगस्टमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. शिक्षिकांमध्ये हे इतकं सर्रास आहे की स्टाफरूममध्ये कोणाला नवल वाटलं नाही. एकीने पर्समधून गोळीच काढून दिली.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला सूचना यायच्या. सकाळी ‘बघितलं नाही’ म्हटलं की निळ्या टिका दाखवल्या जायच्या. अपूर्ण टाचणवहीचा फोटो नावासकट ग्रुपवर पडायचा. तीन लेट मार्कला एका दिवसाचा पगार कापला जायचा. एस.टी. उशिरा आली, हे कारण वाहकाच्या मुलीने सांगितलं की ऑफिसात हशा पिकायचा. पगार मात्र दीड-दोन महिने उशिरा. शिक्षण सेवकांचं मानधन शासनाने जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० केलं. तेही थोडंच, अशी ओरड आहे आणि ती बरोबर आहे. हिचे बारा हजार त्याच्याही खाली, आणि त्यातून कपात.

ऑगस्टमधला एक प्रसंग निर्णायक ठरला. सातवी ‘ब’ गोंगाट करत होती. प्रिन्सिपल मॅडम आत आल्या, तिच्या हातातलं डस्टर घेऊन टेबलावर आपटलं आणि मुलांसमोर म्हणाल्या, “टीचर, तुम्हाला क्लास जमत नसेल तर सांगा, दुसरी बघते.” मुलं त्या क्षणी गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावरून, ती फळ्याकडे वळली की बारीक आवाजात यायचं, “दुसरी बघते.” वर्ग सावरण्यासाठी म्हणून केलेल्या या कारवाईने वर्ग तिच्या हातातून पुरता गेला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे, कारण अशा हकिकतींत ती झाकली जाते. तिचं वर्गनियंत्रण खरोखरच कच्चं होतं. ती लांबलचक गणित मांडताना पाच-पाच मिनिटं पाठमोरी राहायची. ‘समजलं का?’ हा प्रश्न सगळ्या वर्गाला एकदम टाकायची, बावन्न मुलं ‘हो’ म्हणायची आणि पुढे जायचं. ‘आता बाहेर उभं करीन’ म्हणायची, करायची नाही. पहिल्या वर्षी बहुतेकांचं असंच होतं. व्यवस्थापनाने दोष बरोबर हेरला होता. त्यावर उपाय मात्र एकच सुचवला गेला. पर्यवेक्षक सर म्हणाले, “एक कानाखाली ठेवून द्या, आठवडाभर शांत बसतील.”

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तिने हात उगारला असता आणि पालक पोलिसांत गेले असते, तर ‘सरांनी सांगितलं होतं’ याला काडीचा पुरावा नव्हता. तोंडी हुकुमाचं असं असतं. यश आलं तर ते शाळेचं, अंगलट आलं तर ते तुमचं.

मदत आली ती मराठी शिकवणाऱ्या एका जुन्या टीचरकडून, तीही बसस्टॉपवर. त्यांनी सांगितलेलं सगळं साधं होतं. मुलं बसायच्या आत पहिलं गणित फळ्यावर लिहिलेलं असू दे. वह्या उघडल्याशिवाय तोंड उघडू नकोस. उदाहरण दोन तुकड्यांत सोडव आणि मध्ये शेवटच्या बाकापर्यंत जाऊन ये. नाव घेऊन प्रश्न विचार, आणि आधी प्रश्न, मग नाव, म्हणजे उत्तर येईपर्यंत बावन्न जण जागे राहतात. धमकी द्यायची तर पाळता येईल एवढीच दे. सप्टेंबर संपेपर्यंत वर्ग पुष्कळ सावरला. शाळेला हे जूनमध्ये एका दुपारी, एक पैसा न खर्चता करता आलं असतं.

बाकीचं थोडक्यात. फी थकलेल्या मुलांची नावं वर्गात वाचायला सांगितली गेली, तिने वाचली नाहीत, घरी चिठ्ठ्या पाठवल्या. त्याबद्दल बोलणी खाल्ली. घटक चाचणीत गावातल्या एका बड्या कंत्राटदाराच्या मुलाला वीसपैकी सहा पडले तेव्हा केबिनमधून निरोप आला, “बघा जरा, चार-पाच इकडेतिकडे.”

दिवाळीच्या सुट्टीत ती मला भेटायला आली तेव्हा वजन उतरलं होतं. रविवारी संध्याकाळ झाली की मळमळायचं. रात्री तीनला जाग यायची आणि फोनवर काही आलं आहे का ते बघितलं जायचं. मी आधी कायद्याचं काढलं नाही, डॉक्टरचं काढलं. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. तिने दोनतीनदा फोन केला. झोपेचं काहीतरी मार्गी लागलं. मग आम्ही कागदाकडे वळलो.

लिहून ठेवणं

पहिली पायरी वही. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. ‘अपमान केला’, ‘छळ केला’ असे शब्द लिहायचे नाहीत, उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. पहिले आठ-दहा दिवस तिला विशेषणं टाळणं जमेना. नंतर जमलं, आणि त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. लिहून झालं की ते वाक्य रात्री डोक्यात घोळणं कमी व्हायचं.

दुसरी पायरी अवघड होती. तोंडी हुकूम मिळाला की त्याच संध्याकाळी, ग्रुपवर नव्हे, थेट प्रिन्सिपल मॅडमना दोन ओळी पाठवायच्या. ती म्हणाली, “मॅडम, हे उद्धट दिसेल.” म्हणून भाषेवर आम्ही बराच वेळ घालवला. पहिला संदेश असा गेला :

“आदरणीय मॅडम, आज दुपारी आपण सातवी ‘ब’मधील हजेरी क्रमांक अमुकच्या घटक चाचणीच्या गुणांबाबत पुन्हा पाहण्यास सांगितले. मी उत्तरपत्रिका पुन्हा तपासली. गुण ६ हेच येतात. बदल करावयाचा असल्यास कृपया लेखी सूचना द्यावी, त्याप्रमाणे नोंद करीन. आपली नम्र.”

यात तक्रार नाही, आरोप नाही, कायद्याचं कलम नाही. फक्त दुपारचं बोलणं संध्याकाळी कागदावर आलं. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही, आणि त्या गुणांचा विषय परत कधी निघाला नाही.

तिसऱ्या की चौथ्या संदेशानंतर केबिनमध्ये बोलावणं आलं. “तुम्ही आता आम्हाला कायदा शिकवणार?” या प्रश्नाची आम्ही तालीम केलेली होती. ती म्हणाली, “नाही मॅडम, कामाच्या गडबडीत विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवते.” यावर रागवायला जागा कुठे आहे?

डिसेंबरात मेमो आला. वर्गनियंत्रण असमाधानकारक, टाचण अपूर्ण, वरिष्ठांशी वर्तन अनुचित, तीन दिवसांत खुलासा करावा. ती रडतच फोनवर आली. मला हायसं वाटलं, आणि ते तिला समजावायला वेळ लागला. जून महिन्यापासून त्या शाळेत ती काम करते याचा शाळेने सही-शिक्क्यानिशी दिलेला हा पहिला कागद होता. त्यावर जावक क्रमांक होता, तिचं नाव आणि पद होतं. नेमणूकपत्र न देणाऱ्या संस्थेने मेमो देऊन नेमणूक कबूल केली होती.

खुलासा एक पानाचा लिहिला. टाचणवहीच्या झेरॉक्स जोडल्या. सप्टेंबरपासून वर्गात काय बदल केले ते चार ओळींत सांगितलं, कच्चेपणा नाकारला नाही. शेवटी एक विनंती : ‘नियमावलीतील नियम १५ नुसार माझ्या कामाचे मूल्यमापन केले असल्यास त्याची प्रत मिळावी, केले नसल्यास माझ्या पाठांचे निरीक्षण करून मार्गदर्शन करावे.’ ऑफिसातून दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे मी तिला निक्षून सांगितलं होतं. खुलाशाला उत्तर आलं नाही. पाठ पाहायलाही कोणी आलं नाही.

समोरच्या खुर्चीतला माणूस

प्रिन्सिपल मॅडमबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. क्लार्ककडून नंतर कळलं की त्यांची स्वतःची नेमणूक वर्षावर्षाची होती. गावाबाहेर आणखी एक इंग्रजी शाळा निघाली होती, पट घसरत होता, आणि साहेब दर सोमवारी पटाचा आकडा विचारायचे. पालक फी भरताना घासाघीस करतात आणि मुलाला सहा गुण पडले की शाळा सोडायची भाषा करतात. या सगळ्याचा भार उतरंडीसारखा खाली येत होता. साहेब मॅडमना बोलणार, मॅडम पर्यवेक्षकांना, ते टीचरना, आणि सगळ्यात खाली नवी आलेली, जिच्याकडे कागद नाही ती.

हे कळल्यावर तिचा राग थोडा निवळला. डस्टर आपटण्याचं समर्थन मात्र यातून होत नाही, आणि मूळ प्रमाणपत्रं कुलपात ठेवण्याचं तर मुळीच नाही.

जे जमलं नाही

सगळ्यांनी मिळून पत्र द्यावं, हा तिचा जानेवारीतला विचार. स्टाफरूममध्ये पंधरा जण, पंधरांची प्रमाणपत्रं ऑफिसात. चौघी तयार झाल्या, मग दोघी, आणि त्यांच्यातलीच एक मधल्या सुट्टीत केबिनमध्ये जाऊन आली. पत्र राहिलं. मला त्यांचा राग येत नाही. कोणाचा नवरा बेरोजगार, कोणाचं मूल त्याच शाळेत फी-सवलतीत.

शिक्षक संघटना कुठे होत्या, असं कोणी विचारेल. महाराष्ट्रात विधान परिषदेवर सात आमदार शिक्षक मतदारसंघातून जातात आणि शिक्षकांचे प्रश्न तिथे गाजतातही. पण त्या मतदारसंघात नाव नोंदवायला माध्यमिक किंवा वरच्या पातळीवर तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. म्हणजे ज्या काळात शिक्षक सगळ्यात उघडा असतो, त्या काळात तो त्यांचा मतदारही नसतो. संघटनांच्या सभांना अनुदानित शाळांतली माणसं भरपूर दिसतात. विनाअनुदानितमधली नवी मुलगी शनिवारी दुपारी सभेला जाणार कशी, तिची सहीच कोऱ्या कागदावर आहे.

प्रमाणपत्रं

यात क्रम महत्त्वाचा होता. कोऱ्या सहीचा विषय आधी काढला असता तर प्रमाणपत्रं अडकली असती. म्हणून आधी तिने साधा अर्ज दिला. ‘खालील मूळ कागदपत्रे अमुक तारखेस कार्यालयात जमा केली आहेत, त्यांची पोच मिळावी.’ खाली चारही प्रमाणपत्रांची यादी, क्रमांकांसह. परत द्या असं म्हटलंच नाही.

क्लार्क पेचात पडला. पोच दिली तर कागद अडकवून ठेवल्याचा पुरावा झाला, न द्यावी तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आधीच पडला होता. आठवड्याभरात ऑफिसातून निरोप आला, व्हेरिफिकेशन झालंय, घेऊन जा. वडील ड्यूटीच्या गणवेशातच तिच्याबरोबर गेले. काही बोलले नाहीत, नुसते काउंटरपाशी उभे राहिले.

कोणी विचारतं म्हणून सांगते. प्रमाणपत्रं मिळालीच नसती तर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर पाहता येतात आणि मंडळ व विद्यापीठ दोन्हींकडून दुय्यम प्रती काढता येतात. वेळ आणि पैसा जातो, जन्म जात नाही. हे माहीत असलं तरी अर्धी भीती जाते.

प्रमाणपत्रं घरी पोचल्यावर दुसरं पत्र गेलं, टपालाने, पोचपावतीसह. रुजू होताना कोऱ्या कागदावर सही घेतली आहे, मी राजीनामा दिलेला नाही, देईन तेव्हा अधिनियमाच्या कलम ७ मधील पद्धतीनेच देईन, त्या कागदाचा वापर झाल्यास तो माझ्या संमतीने झाला असे समजू नये. प्रत जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना.

त्यानंतर तिच्यावर ओरडणं थांबलं. त्याची जागा अबोल्याने घेतली. वर्गशिक्षकपद काढलं (खरं म्हणजे सुटका), स्नेहसंमेलनाच्या एकाही समितीत नाव नाही, शनिवारी स्वच्छतेची देखरेख तिच्याकडे, आणि प्रिन्सिपल मॅडम व्हरांड्यात समोरून येताना नजर फिरवायच्या. ओरडण्यापेक्षा हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, काही दिवस जास्त जड जातात. सातवी ‘ब’ मात्र आता तिची झाली होती. मागच्या बाकावरचा तोच मुलगा समीकरणं सोडवायला फळ्याशी यायला लागला होता.

मार्चमध्ये प्रवेशाची मोहीम निघाली. प्रत्येकीने पाच प्रवेश आणायचे, पत्रकं घेऊन दारोदार फिरायचं, तोवर पगार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं सांगतं. मे महिन्याच्या उन्हात छत्र्या घेऊन फिरणाऱ्या शिक्षिका तरीही प्रत्येक गावात दिसतात.

नोटीस

सोडायचं, हे तिने फेब्रुवारीत ठरवलं. माझं मत वेगळं होतं. शाळेने काढेपर्यंत थांबावं, काढलं की आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे कलम ९ खाली अपील करावं, मूल्यमापनाची नोंद नसल्याचा मुद्दा तिच्या बाजूने होता. राजीनामा दिला की हा रस्ता बंद होतो. ती म्हणाली, “मॅडम, मला शिकवायचंय. केस लढण्यात माझी दोन-तीन वर्षं जातील आणि त्या काळात मला इथे कोण घेईल?” तालुक्यातल्या संस्थाचालकांची एकमेकांशी उठबस असते. तिचं म्हणणं खोडून काढावं असं माझ्याजवळ काही नव्हतं.

नियम ४० प्रमाणे कायम नसलेल्या कर्मचाऱ्याने एक महिन्याची नोटीस द्यायची असते. ती उन्हाळी सुट्टीचा कोणताही भाग झाकणार नाही अशी द्यावी लागते, आणि पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या महिन्यातही देता येत नाही. पुष्कळ जणी एप्रिलअखेर निरोप देतात आणि ‘नोटीस दिली नाही’ म्हणून त्यांचा पगार कापला जातो. तिने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन प्रतींत, तारीख घालून, टपालाने नोटीस पाठवली. एप्रिलमध्ये पेपर तपासून, निकालपत्रकं देऊन बाहेर पडली. अनुभवाचा दाखला मागितला तो मिळाला. त्यात ‘वर्तन समाधानकारक’ असं लिहिलेलं आहे, डिसेंबरच्या मेमोच्या अगदी उलट. दोन्ही कागद तिच्या फाइलमध्ये शेजारीशेजारी आहेत.

शेवटचे दोन पगार अडकले. एक पाकिटात रोख मिळाला, लेट मार्क कापून. दुसऱ्यासाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज आहे, आवक क्रमांक आहे, उत्तर अजून नाही.

सध्या ती त्याच तालुक्यात एका मराठी शाळेच्या विनाअनुदानित तुकडीवर आहे. पगार दहा हजार, म्हणजे दोन हजार कमी. नेमणूकपत्र पहिल्या आठवड्यात मिळालं. मुख्याध्यापक सर महिन्यातून एकदा मागे येऊन बसतात, वहीत काहीतरी टिपतात आणि तास संपल्यावर ऑफिसात बोलावून सांगतात. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा तिच्या पोटात गोळा आला होता. सर म्हणाले, फळ्यावर अक्षर लहान पडतं, शेवटच्या बाकावर दिसत नाही. एवढंच. तिने ‘लिहून देता का?’ असं विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

जुन्या शाळेतही बदल झाला आहे. यंदा जूनमध्ये तिथल्या सगळ्यांना छापील नेमणूकपत्रं मिळाली, असं मराठीच्या टीचरनी कळवलं आणि फोटो पाठवला. पत्र अकरा महिन्यांचं आहे, वेतनश्रेणीसमोरची जागा कोरी आहे, आणि शेवटची अट अशी की शाळेच्या कामकाजाविषयी प्रिन्सिपलच्या परवानगीशिवाय कोणताही लेखी पत्रव्यवहार करू नये. ती परवानगी लेखी मागायची की तोंडी, ते मात्र लिहिलेलं नाही.